हप्ते तुमचे, सिबिल दुसऱ्याचं!

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो फोटो तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. पांढरी स्विफ्ट, एमएच-११ पासिंग, मागच्या काचेवर गावाचं नाव, बाजूला उसाचा फड. खाली मजकूर: ‘सिंगल ओनर. टायर नवीन. दीड लाख रोख द्या, ताबा घ्या, पुढचे हप्ते चालू ठेवा. सिबिल लागत नाही.’

शेवटचे तीन शब्द वाचून तुम्ही थांबलात, हे कबूल करा. कारण गेल्याच महिन्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळ किंवा सांगलीत विश्रामबागला एका फायनान्सच्या ऑफिसात तुम्ही आधार-पॅन देऊन बसला होतात. समोरच्यानं स्क्रीनकडे बघून ‘५८० आहे, अवघड आहे’ एवढंच म्हटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. गाडीची हौस असतेच, पण प्रत्येक वेळी हौसच असते असंही नाही. शिरवळला कंपनीत लागलात आणि नाइट शिफ्ट सुटते तेव्हा एसटी नसते. आईला दर पंधरा दिवसांनी मिरजेला दवाखान्यात न्यायचं असतं आणि जतहून दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. अशा वेळी ‘सिबिल लागत नाही’ हे वाक्य देवासारखं धावून आल्यासारखं वाटतं.

त्या जाहिरातीतल्या गाडीपाशी येऊच. आधी ५८० कुठून आलं ते बघू.

नऊशे रुपयांचा हिशेब

सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साडेसातशेच्या वर असेल तर बँकवाले हसून बोलतात. सहाशेच्या खाली गेला की बहुतेक बँकांची दारं बंद. आता गंमत अशी, की विशी-बाविशीतला स्कोअर लाखांच्या कर्जानं क्वचितच बिघडतो. तो बिघडतो कॉलेजला असताना घेतलेल्या मोबाइलच्या हप्त्यानं. अठरा हजारांचा फोन, महिन्याला पंधराशे. शेवटच्या दोन हप्त्यांना खात्यात पैसे नव्हते, ऑटो-डेबिट बाउन्स झालं, तुम्ही सिम बदललंत, कंपनीचे फोन येणं थांबलं आणि तुम्हाला वाटलं विषय मिटला. रिपोर्टमध्ये तो मिटलेला नसतो. त्यात मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा तक्ता असतो आणि महिन्यागणिक तुम्ही किती दिवस उशीर केलात याचा आकडा. थकलेली रक्कम नऊशे असली तरी उशीर तो उशीरच.

दुसरं कारण म्हणजे लोन ॲप. गणपतीच्या वर्गणीपासून गोव्याच्या ट्रिपपर्यंत कशालाही पाच हजार देणारी. तिसरं कारण आपल्या भागात फार चालतं: जामीन. रूममेटनं बाइक घेतली, ‘नुसती सही पाहिजे भावा’ म्हणाला, तुम्ही केली. जामीनदार म्हणून घेतलेलं कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं आणि त्यानं हप्ते तुंबवले की झळ तुम्हालाही लागते. वडिलांनी भावकीतल्या कुणाला जामीन राहून अख्खं घर अडकवल्याची गोष्ट तुमच्या गावात एक तरी असेल. आता ती गोष्ट कॉम्प्युटरलाही कळते, इतकंच.

ज्यांनी आजवर कधीच कर्ज घेतलं नाही त्यांच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी ‘-१’ दिसू शकतं. ते बघून घाबरू नका. त्याचा अर्थ नोंदच नाही, एवढाच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून परत पाठवू नये, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे आणि केंद्र सरकारनं २०२५च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेतही ते स्पष्ट केलं. कुणी ‘-१ म्हणजे झिरोपेक्षा खाली’ असं सांगून जास्त व्याज लावत असेल, तर तो तुमच्या अज्ञानावर धंदा करतोय.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी स्वतःचा रिपोर्ट बघा. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो जुन्या गाड्यांच्या यार्डातला एजंट तुमची फाइल एकाच दुपारी पाच फायनान्सला ‘टाकून बघतो’ तेव्हा. प्रत्येकानं केलेली चौकशी रिपोर्टवर उमटते आणि सहाव्याला वाटतं, हा माणूस फारच अडचणीत दिसतोय. म्हणून पॅन कार्डचा फोटो कुणालाही पाठवू नका. आधी गाडी ठरू द्या, मग एका ठिकाणी अर्ज करा.

रिपोर्टमध्ये चूक सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. फेडलेलं कर्ज चालू दिसतं, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर दिसतं. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात, त्याला कोण काय करणार! अशी तक्रार ऑनलाइन करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘सात दिवसांत सिबिल क्लिअर’ असा बोर्ड लावणाऱ्याला पाच हजार द्यायची गरज नाही. खरी नोंद तो पुसू शकत नाही आणि खोटी नोंद पुसायला तुम्ही स्वतः पुरेसे आहात.

आणि ती मोबाइलची थकबाकी भरताना एक ध्यानात घ्या. कंपनीचा माणूस म्हणेल, ‘अर्धे भरा, सेटल करतो.’ त्यावर रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचा प्रत्येक सावकार तो वाचतो. शक्य असेल तर पूर्ण भरा आणि खातं ‘बंद’ झाल्याचं पत्र घ्या.

जेव्हा बँकेला तोंडओळख होती

घरी आजोबांना विचारा, त्यांना सिबिल माहीत नव्हतं. साताऱ्याची स्वतःची बँक होती: अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये सुरू केलेली युनायटेड वेस्टर्न बँक. सांगलीची स्वतःची बँक होती: १९१६ ची सांगली बँक. दोन्हींच्या शाखा पुढे शेकड्यांच्या घरात गेल्या, पण गावाकडचा मॅनेजर तुम्हाला नावानं, वडिलांच्या नावानं आणि किती एकर बागायत आहे त्यावरून ओळखायचा. सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये गेली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. आठ महिन्यांच्या आत दोन्ही शहरांच्या नावाच्या पाट्या उतरल्या. त्याच्या थोडं आधी, २००५ मध्ये, देशात पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला होता. ओळख गेली आणि आकडा आला, हे जवळजवळ एकाच वेळी घडलं.

याचा उमाळा काढून रडण्यात अर्थ नाही. ओळखीच्या बँकिंगमध्ये ज्याची ओळख नव्हती, ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याला काउंटरच्या अलीकडेच थांबावं लागायचं. आकडा निदान आडनाव विचारत नाही. पण मॅनेजरला ‘यंदा बिल उशिरा आलं म्हणून हप्ता चुकला’ हे सांगता यायचं, आकड्याला ते सांगता येत नाही.

मधली वाट म्हणून आपल्याकडे पतसंस्था आहेत, गल्लोगल्ली. तिथं अजून चेहरा बघून कर्ज मिळतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि तिथले हप्ते वेळेवर भरल्याची नोंद साधारणपणे सिबिलपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे गाडी मिळेल, व्याजही कदाचित बरं असेल, पण ५८० तसाच राहील. शिवाय तिथं दोन जामीनदार लागतात. ते दोघं कोण असतील, याचा विचार तुम्ही करा.

‘फक्त ताबा घ्या’

आता त्या स्विफ्टकडे. मालक बोलायला गोड असतो. ‘भावा, कागदाचं टेन्शन घेऊ नको. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, नोटरी करू. हप्ते संपले की गाडी तुझ्या नावावर.’ समजा, त्याचे ३० हप्ते राहिलेत, साडेनऊ हजारांचे. तुम्ही आज दीड लाख देणार, पुढे २ लाख ८५ हजार. एकूण ४ लाख ३५ हजार. आता या अडीच वर्षांत कागदावर काय असेल, ते बघा.

आरसीवर मालक म्हणून त्याचं नाव. त्याच आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो तसाच. कर्ज त्याच्या नावावर. विमा त्याच्या नावावर. तुम्ही दर महिन्याला त्याला गुगल पे करता, तो भरतो. भरला नाही तर? गाडी तुमच्या दारातून ओढून नेली जाईल आणि कंपनीच्या लेखी तुम्ही कुणीच नाही. तुमचा स्टॅम्पपेपर दाखवाल, तर कंपनी म्हणेल, आमच्या परवानगीशिवाय त्याला गाडी विकायचा हक्कच नव्हता, करारात लिहिलंय. ते खरंही असतं. बोजा असलेली गाडी फायनान्सच्या संमतीशिवाय आरटीओत दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

समजा तो प्रामाणिक निघाला, सगळे हप्ते भरले गेले. मग त्याच कंपनीकडे त्याचं दुसरं एखादं कर्ज थकलेलं असलं, तर ती एनओसी अडवून धरू शकते. तो वारला, तर वारसांच्या सह्या गोळा करत फिरायचं. आणि सगळं सुरळीत झालं तरी एक गोष्ट राहतेच, जी मला या व्यवहारात सगळ्यात जास्त खुपते. अडीच वर्षं पोटाला चिमटा काढून वेळेवर हप्ते भरलेत तुम्ही, आणि स्कोअर सुधारला त्याचा! तुमचा ५८० जिथं होता तिथंच. ज्याला कर्ज मिळत नाही म्हणून तो या वाटेनं जातो, त्याला ही वाट कर्ज मिळण्याच्या लायकीची कधीच करत नाही.

विकणाऱ्यालाही हा व्यवहार सोपा नाही. तुमच्या घरची जुनी बाइक अशीच ‘नुसत्या ताब्यावर’ कुणाला दिली असेल, तर हे वडिलांनाही वाचून दाखवा. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकली गेली, मग एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून फिरली, पण आरसीवरचं नाव कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, त्यात एक जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला पहिला माणूस. कायदा विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायला सांगतो, घेणाऱ्याला ३० दिवसांत. आपण ते ‘करू की निवांत’मध्ये घालवतो.

हाच व्यवहार सरळ करायचा रस्ता आहे. मालकानं फायनान्सकडून फोरक्लोजरचं पत्र आणायचं: आज कर्ज मिटवायचं तर किती? ती रक्कम तुम्ही मालकाच्या हातात न देता थेट कंपनीच्या कर्जखात्यात भरायची. कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ आला की बोजा उतरतो. मग फॉर्म २९ आणि ३० वर, ज्याला एजंट ‘टीटीओ’ म्हणतात, गाडी तुमच्या नावावर. तुम्ही कर्ज काढलं असेल तर फॉर्म ३४ नं नवा बोजा चढतो, पण तो तुमच्या कर्जाचा. सह्या केलेले कोरे टीटीओ फॉर्म तीन हातांतून फिरत आलेली गाडी मात्र कितीही देखणी असली तरी सोडा.

दहा टक्के म्हणजे किती टक्के?

‘पण मला कर्ज देणार कोण?’ देतात. हे लोकांना पटत नाही, पण खराब स्कोअरवालाही काही फायनान्स कंपन्यांचं गिऱ्हाईकच असतो. फरक किमतीत असतो आणि ती किंमत सरळ सांगितली जात नाही.

यार्डात तुम्हाला सांगतील, ‘दहा टक्के फ्लॅट.’ तीन लाख, चार वर्षं. हिशेब सोपा वाटतो: वर्षाला तीस हजार व्याज, चार वर्षांचं १ लाख २० हजार, एकूण ४ लाख २० हजार, भागिले ४८. हप्ता ८,७५०. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे त्यांचे तीन लाख उरलेलेच नसतात, व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर चालू असतं. बँका मोजतात तशा कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर मोजलं, तर हा दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. त्यात फाइल चार्ज, विमा, ‘डॉक्युमेंटेशन’ असे बारा हजार आधीच कापून घेतले, म्हणजे हातात २ लाख ८८ हजारच आले आणि हप्ता तोच राहिला, की दर जवळपास वीस टक्के. दहा म्हणून घेतलेलं कर्ज वीसचं निघतं आणि यात कुणी खोटं बोललेलं नसतं!

यावर एक कागद मागायचा: ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना तो सही घेण्याआधी द्यावाच लागतो. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. आणि तो किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य धरावा लागतो. ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता याच हप्त्याचा दुसरा उपयोग बघा. स्विफ्ट बाजूला ठेवा, जुनी ऑल्टो किंवा वॅगन आर बघा. समजा दीड लाखच कर्ज घेतलं, दोन वर्षांसाठी, आणि दर तोच वाईट, १८ टक्के. हप्ता येतो साधारण ७,४९०. चार वर्षांत १ लाख २० हजार व्याज देण्याऐवजी दोन वर्षांत तीस हजारांच्या आत. हप्ता साडेबाराशेनं कमी. आणि चोवीस महिने वेळेवर भरलेत, की रिपोर्टवर तुमच्या नावानं तेवढे महिने स्वच्छ दिसतात. मित्र म्हणतील, ‘ऑल्टो काय घेतलीस!’ म्हणू देत. त्यातल्या एकाची स्विफ्ट कुणाच्या नावावर आहे, हे तुम्हाला आता विचारता येईल.

नोकरी असलेली ताई किंवा आई सहकर्जदार म्हणून आली, तर दर खाली येऊ शकतो. मात्र मग तुमचा चुकलेला हप्ता त्यांच्याही रिपोर्टवर जाईल. घाई नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय सहा-आठ महिने थांबणं हा आहे: थकबाकी भरा, सध्याचे हप्ते चुकवू नका, नवं काही घेऊ नका आणि जो हप्ता गाडीला भरणार होतात तो आत्तापासून आरडीत टाका. डाउन पेमेंटही जमतं आणि आठ हजार बाजूला काढणं खरंच झेपतं का, तेही कळतं. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग अजून यात धरलेलंच नाही.

एक बारकी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीवाला अजून आधीच्या हिशेबानं भाव सांगत असेल, तर शोरूमचा आजचा दर मोबाइलवर काढून त्याच्यापुढे धरा.

पाणी कुठपर्यंत आलं होतं?

हा प्रश्न सांगलीत घराबद्दल विचारतात, गाडीबद्दलही विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा पन्नाशी ओलांडून गेली. पार्किंगमधल्या गाड्या आठवडाभर गढूळ पाण्यात होत्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही लिलावात गेल्या आणि धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. आज ‘२०१७ मॉडेल, कमी चाललेली’ म्हणून समोर उभी असलेली गाडी त्यातली नसेलच असं नाही. ती सांगलीतच विकली जाते असंही नाही. ती साताऱ्यात, पुण्यात, जिथं कुणी विचारणार नाही तिथं जाते.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. सीटखालचे बोल्ट आणि रूळ गंजलेत का, डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत ओल धरलीय का. एसी लावून नाक पुढे करा. आणि तुमच्या ओळखीचा मेस्त्री न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. त्याला पाचशे-हजार द्या, गाडीच्या व्यवहारात याहून स्वस्त काही मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड आणि विम्याचे जुने क्लेमही मागा; किलोमीटर तिथंच पकडले जातात.

सांगलीकरांना दुसरा मोह सीमेपलीकडचा: केए-२२, केए-२३, केए-२८. बेळगाव, चिकोडी, विजापूरची गाडी वीस-तीस हजारांनी स्वस्त सांगतात. तिला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इकडे नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. हे धरून भाव करा, नाहीतर वाचलेले पैसे तिथंच जातात.

डीलरकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतपत्र आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे: मालकानं गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचं आरटीओला कळवलं, की विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरची. पत्र नसेल तर तो फक्त मध्यस्थ आहे आणि उद्या फोन उचलायला बांधील नाही. गाडीचा नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून बोजा आणि विमा तपासा, ई-चलनही. मुंबई-पुण्याकडून आलेल्या गाडीवर चलनांची माळ निघते.

हप्ता चुकलाच तर

कंपनी बंद पडली, अपघात झाला, घरात दुखणं आलं. हप्ता चुकायच्या आधी, चुकल्यावर नव्हे, कंपनीला लेखी कळवा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का विचारा. फोन बंद करून बसणं हा सगळ्यात महाग उपाय आहे, मोबाइलच्या वेळी तोच केला होतात. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिव्या, धमक्या, कॉलेजातल्या मित्रांना किंवा नातेवाइकांना फोन करून बदनामी, यालाही मनाई आहे. तसं झालं तर रेकॉर्डिंग ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा; ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आणि व्यवहार ठरलाच, तर रविवारी ढाब्यावर ठरवू नका. आरटीओ उघडं असेल त्या दिवशी मालकाला सोबत घ्या, त्याचा ओटीपी येणारा मोबाइल चालू आहे ना ते आधी बघा. पैसे खात्यातून द्या. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसी नावावर करून घ्या, कारण मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही आणि पॉलिसी जुन्या नावावर असताना गाडी ठोकली, तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. ठरलेल्या रकमेतले शेवटचे दहा-पंधरा हजार आरसी तुमच्या नावावर होऊन हातात येईपर्यंत द्यायचे नाहीत, असं आधीच बोलून ठेवा. मालक कुरकुर करेल, चहा मागवेल, ‘विश्वास नाय का भावा’ म्हणेल. चहा प्या.